ग्रिड रेफरन्सला मराठीत काय म्हणाल?

शेवंती
पुतण्याला महाराष्ट्राच्या रस्त्यांचा ॲटलास आणून दिला. मागच्या सूचीत तो वडगाव शोधायला बसला, तर एकाखाली एक वडगावांची ओळच! प्रत्येकापुढे पानाचा आकडा आणि 'ग-४' असं काहीतरी. "काकू, याला काय म्हणतात?" मी ग्रिड रेफरन्स म्हणाले. "मराठीत?" इथे माझी गाडी अडली. 'जाळीसंदर्भ' हा शब्द सुचला, पण त्याने डोळ्यांपुढे खिडकीची जाळी येते. काही बरं सुचवा.

खडूफळा
जाळीला नावं ठेवू नका. अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं मिळून जी आखणी होते तिला भूगोलाच्या पुस्तकात वृत्तजाळीच म्हणतात. 'जाळं' मात्र नको. जाळं कोळ्याचं, विजेच्या तारांचं, ते कसंही पसरतं. जाळी आखीव असते. तेव्हा ग्रिड म्हणजे जाळी, हे मिटलं. तुमचा प्रश्न खरा जाळीतल्या एका तुकड्याचा आहे. पुतण्याला हेही सांगा, की अक्षांश-रेखांश वेगळे. पुणे १८° ३१' उत्तर, ७३° ५१' पूर्व म्हटलं की बोट एका ठिपक्यावर जातं. 'ग-४' एवढंच सांगतं, की इथे कुठेतरी बघ.

तिरकस
मग सरळ 'चौकट' म्हणा की.

खडूफळा
चौकट दाराची. ती कडेने असते, आतलं तिच्यात येत नाही. 'चौकडी' म्हणाल तर शर्टाचं कापड आठवतं आणि 'चौकडा' हा कानातला दागिना. 'चौकोन' चालला असता, पण बऱ्याच ॲटलासांत या तुकड्यांच्या कडा म्हणजे अक्षवृत्तं-रेखावृत्तंच असतात, आणि ती नकाशावर पुष्कळदा वाकडी येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा. ६० अंश उत्तरेला तोच निम्म्यावर येतो. म्हणजे नॉर्वे-स्वीडनच्या पानावरचा तुकडा वर निमुळता झालेला दिसतो. त्याला चौकोन म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

माजी कॅडेट
एनसीसीत आम्ही 'जीआर' म्हणायचो. घरी तो शब्द काढला की वडील विचारायचे, "कुठल्या खात्याचा?" महाराष्ट्रात जीआर म्हटलं की मंत्रालयच!
पण आमचं प्रकरण जास्त नेमकं होतं. चार अंक दिले की एक किलोमीटर बाजूचा चौरस मिळतो, सहा दिले की शंभर मीटरचा. आधी पूर्वेकडचे अंक, मग उत्तरेकडचे. उलटं वाचलं की तुकडी भलत्याच ओढ्यावर. उस्तादांचं वाक्य अजून कानात आहे: "पहिले चलो, फिर चढो."
सर्वेक्षणाच्या जुन्या नकाशांना स्वतःचे क्रमांकही असायचे. पुणे शहराचा बराचसा भाग ४७ एफ/१४ वर. ४७ हा चार अंश बाय चार अंशांचा मोठा तुकडा, एफ हा त्यातला एक अंशाचा, आणि १४ हा त्याच्याही सोळा तुकड्यांतला एक.

पटावरचा
तुम्ही सगळे ज्याला तुकडा तुकडा म्हणताय त्याला आमच्याकडे कधीचा शब्द आहे: घर. "घोडा कुठल्या घरात गेला?" बुद्धिबळात डाव लिहितानाही हेच करतात, उभ्या पट्टीचं अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा. वडगाव कुठल्या घरात? ग-४. लहान मुलालाही समजावून सांगावं लागत नाही.

शेवंती
घर आवडलं! वाकड्या कडांचंही चालेल, घराला काय. पण 'ग-४' या खुणेला काय म्हणू?

पटावरचा
पत्ता. "त्याचा काही पत्ता नाही" म्हणतो तेव्हा पिनकोड थोडाच विचारत असतो? ठावठिकाणा, माग हा अर्थ त्यात आहेच. 'नकाशातला पत्ता' म्हणा. 'संदर्भ' कशाला, तो ग्रंथाचा असतो किंवा पत्राचा.

खडूफळा
पटलं. जाता जाता आठवलं, आपल्या खरेदीखतात जागा सांगायची रीत याच्या अगदी उलट असते. तिथे चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. शेजारी सांगितला की जागा कळली. ओढ्याने पात्र बदललं की दावा.

तिरकस
पत्ता ठीक आहे. पण 'क' कितवा? 'अ ब क ड'मध्ये तिसरा, 'क ख ग घ'मध्ये पहिला. त्यात बारीक टाइपात घ आणि ध सारखेच दिसतात.

माजी कॅडेट
म्हणून तर लष्करी ग्रिडच्या अक्षरांत आय आणि ओ गाळलेले असतात. एक आणि शून्याशी गल्लत नको.

शेवंती
आमच्या पुस्तकात क ख ग घ, आणि ङ गाळून थेट च. डावं बोट ४ वरून आडवं, उजवं ग वरून खाली, असं पुतण्याने नीट नेलं. दोन्ही बोटं भेटली ती पानांच्या शिवणीत. वडगावचं 'वड' अलीकडच्या पानावर, 'गाव' पलीकडच्या.