चोरांनी डीव्हीआरच उचलून नेला: तुमच्याकडे, ओळखीत असं झालंय का? अनुभव लिहा

कृष्णाकाठ
समोरच्या बिल्डिंगमध्ये आज कॅमेरे बसवत होते. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, ठेवला टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, राउटरला चिकटून. ते बघितलं आणि मावशीचं मिरजेचं घर आठवून पोटात गोळा आला.

दिवाळीत सगळे बाहेरगावी होते. कडीकोयंडा तोडला, कपाट फोडलं, आजीची बोरमाळ आणि पाटल्या गेल्या. जाताना डीव्हीआर वायरी उपटून घेऊन गेले. चारही कॅमेरे भिंतीवर जागच्या जागी. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी फुटेज मागितलं, काकांनी मोबाइल उघडला तर 'डिव्हाइस ऑफलाइन'. घरात सगळ्यांचा समज असा की मोबाइलवर दिसतंय म्हणजे मोबाइलमध्ये साठतंय. साठतं ते डीव्हीआरमधल्या हार्डडिस्कवर. ती गेली की सगळं गेलं. काका कितीतरी वेळ त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत बसले होते.

तुम्ही रेकॉर्डिंग कसं वाचवता? घराबाहेर त्याची एखादी तरी प्रत आहे का? माहिती असलेल्यांनी सविस्तर लिहा, खूप जणांच्या उपयोगी पडेल.

शेवंता
बोरमाळ 😢 सोनं परत घेता येतं, आजीची वस्तू नाही येत. मावशी कशा आहेत आता?

पोटमाळा
आमच्याकडे माळ्यावर. वायरमनला आधीच सांगितलं होतं की हॉलमध्ये काही दिसता कामा नये, केबल पीव्हीसी पट्टीतून थेट माळ्यापर्यंत न्यायची. टीव्हीखाली जुना बंद पडलेला डीव्हीआर वायरी जोडून ठेवलाय, चोराला न्यायचा तर तो नेऊ दे. माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, डबा चारी बाजूंनी मोकळा ठेवा. नाहीतर हार्डडिस्क लवकर जाते.

मडगावकर
पोटमाळा, हे छान. आमच्या शेजाऱ्यांनी लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला, कपाटाला मागून भोकं पाडून. पण कपाट तर चोर पहिलं फोडतात ना?

पोटमाळा
म्हणूनच माळा.

तारवाला
हाच व्यवसाय आहे म्हणून जरा मोठं लिहितो.

लपवणं चांगलं, पण ते अर्धंच काम. निवांत वेळ असलेला चोर वायरीचा माग काढत पोचतो. प्रत घराबाहेर हवी. चारही कॅमेऱ्यांचं चोवीस तास रेकॉर्डिंग क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठवणीत) टाकणं मात्र घरच्या इंटरनेटला जड जातं. २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) चालणारा एक कॅमेरा दिवसाला २१-२२ जीबी खातो, चार मिळून ८६ च्या आसपास. (१ टीबीची डिस्क ११-१२ दिवसांत भरते ती यामुळेच. मग जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. महिनाभर गावाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.) म्हणून सगळं पाठवायचं नाही. दाराचा आणि जिन्याचा कॅमेरा, तोही हालचाल झाली तरच, एवढंच क्लाउडवर. बऱ्याच डीव्हीआरमध्ये हालचालीचा फोटो ईमेलवर पाठवायची सोय असते, ती सुद्धा चालू करा. डीव्हीआर उपटायच्या आधी दारातला चेहरा बाहेर पोचलेला असतो.

वायफाय कॅमेऱ्यात नुसतं मेमरी कार्ड असेल तर कॅमेरा गेला की कार्डही गेलं.

आणि पासवर्ड! बॉक्समधून आला तसाच ठेवू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते, न बदललेले पासवर्ड वापरून. ज्याच्याकडे पासवर्ड, तो रेकॉर्डिंग पुसूही शकतो. बसवून देणाऱ्याकडेसुद्धा तो राहू देऊ नका, मी स्वतः गिऱ्हाइकासमोर बदलायला लावतो.

साताराची_सून
आमच्या गल्लीत मेन स्विचच पाडला होता. मीटर सगळे खाली जिन्यात, कोणीही हात घालावा. क्लाउड असून काय उपयोग, राउटरच बंद

तारवाला
राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, पण त्यावर फक्त राउटर चालतो. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय हे दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचे. तिन्हीतलं एक जरी बंद पडलं तरी साखळी तुटली.

शेवंता
रात्री कॅमेऱ्यासमोर पांढरं पांढरं काय हलतं? दर दहा मिनिटांनी मोबाइल वाजतो, सासूबाई घाबरून उठतात

निळी_छत्री
कोळ्याचं जाळं! कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड त्यावर पडला की चमकतं. दर रविवारी केरसुणी फिरवा. आमच्याकडे पाल येऊन बसते, तिला काय करावं ते मात्र कोणीतरी सांगा 😀

शेवंता
जाळंच होतं! आत्ता काढलं. देव तुमचं भलं करो

म्युनिकहून
इकडे वेगळीच पंचाईत. रस्ता किंवा शेजाऱ्याचं दार कॅमेऱ्यात येता कामा नये, तक्रार होते. त्यामुळे फक्त आपलाच दरवाजा. पण त्यामुळे कॅमेरा खाली, चेहऱ्याच्या उंचीला आला आणि माणूस स्पष्ट दिसतो. भारतात दहा फुटांवर लावतात, मग नुसती टोपी दिसते. आईबाबांकडे नाशिकला गेले की पहिलं तेच करणार आहे.

कोर्टकचेरी
फुटेज वाचलं तरी पुढचं कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं (पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं ६५-ब). त्याचे दोन भाग, एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा, ती बदलली की बदलणारा आकडा) लिहावी लागते. व्हॉट्सॲपवर फिरवलेली क्लिप म्हणजे मूळ फाइल नव्हे, ती दाबून लहान होते. मूळ रेकॉर्डिंग तसंच ठेवा, पोलिसांना दाखवा, मग नातेवाइकांना पाठवा.

डीव्हीआरचं घड्याळही बघा. एका प्रकरणात ते पुढे गेलेलं होतं आणि त्यावरूनच केवढा वाद झाला.

कृष्णाकाठ
कोर्टकचेरी, मनापासून आभार. हे आम्हाला त्या वेळी कोणीच सांगितलं नव्हतं.
शेवंता, मावशी बरी आहे. एकटी झोपत नाही अजून. रात्री मामेबहीण सोबतीला येते.

भीमथडी
आमच्या गावात डीव्हीआर विहिरीत टाकून गेले होते. गाळ काढताना सापडला. पोरं लगेच कॉम्प्युटरला जोडायला निघाली, सरपंचांनी अडवलं. ओली हार्डडिस्क घरी चालू करून बघू नका कोणी. आहे तशी पोलिसांकडे द्या, काही निघालंच तर लॅबमध्ये निघेल.

साताराची_सून
कुत्रा पाळा. आमच्या मोत्याचा पासवर्ड कोणाला मिळत नाही 🐕

मडगावकर
मोत्या कुठल्या जातीचा?

साताराची_सून
गावठी. पावसात दारात आला तो राहिला. पोळी-दूध खातो, बाकी कशाला तोंड लावत नाही

निळी_छत्री
तारवाला, डीव्हीआरची तारीख २००० साल दाखवतेय. वीज गेली की दर वेळी असंच. आतला सेल गेला का?

तारवाला
हो, बहुतेक नाण्यासारखा गोल सेल आहे आत. तो बदलून घ्या आणि सेटिंगमध्ये एनटीपी चालू करा, मग इंटरनेटवरून वेळ आपोआप लागते. टाइम झोन जीएमटी +५:३० आहे ना ते आधी बघा.

निळी_छत्री
+८ होता! केला बरोबर. सेल उद्या आणते.