हिरवी चौकट आणि जमिनीवरचा फायरफिश: रीफ टाकीतले मासे तक्ता पाहून निवडावेत का?

खारटपाणी (धागाकर्ता)

रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्या प्रत्येकानं कोणता मासा कोणाबरोबर चालेल ते सांगणारा तो तक्ता कधी ना कधी पाहिलेला असतो. उभ्या-आडव्या ओळींत माशांची घराणी, मधल्या चौकटींत तीन रंग. हिरवा म्हणजे चालेल, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको. माझं म्हणणं असं की नवख्याच्या हाती हा तक्ता देऊच नये. त्यानं धीर येतो, अक्कल येत नाही.

माझी टाकी २५० लिटरची. आधी क्लाउनफिशची जोडी आली. काही महिन्यांनी प्रवाळांवर चपटे कृमी दिसायला लागले म्हणून सिक्स लाइन रॅस आणला. बोटाएवढा मासा, अंगावर सहा आडव्या रेघा, दिवसभर खडकांच्या फटी धुंडाळत हिंडणारा. कृमी कमी झाले, मी खूष. आठ महिन्यांनी फायरफिश सोडला. तक्त्यात चौकट हिरवीगार. पाच मिनिटांत रॅसनं त्याला कोपऱ्यात रेटलं. दुसऱ्या दिवशी तो बिळाबाहेर डोकावेना. तिसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर सापडला, वाळून काटकी झालेला. पुढे रॉयल ग्रामा आणला, त्याचे पर आठवड्यात फाटले. तो एका मित्राच्या टाकीत गेला आणि तिथे मजेत आहे.

तक्त्यात ‘रॅस’ नावाची एकच ओळ असते. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. पाण्याच्या मधल्या थरात तरंगतं अन्न टिपणारा फेअरी रॅस आणि कोळंबी फोडून खाणारा लुनारे रॅस एकाच चौकटीत कसे बसवता? ‘माणूस’ अशी ओळ करून शेजारी कोण चालेल ते ठरवण्यासारखं आहे हे.

जाळीवाली

असहमत. फायरफिश उडी मारतो हे त्याच्याबद्दल वाचलेल्या पहिल्या चार ओळींत येतं. टाकीला जाळी नव्हती का? नाचता येईना, अंगण वाकडे.

तक्ता हमीपत्र नव्हे. दुकानात उभं राहून समोरचा पिवळाधमक मासा डोळ्यांत भरतो तेव्हा हात आवरायला तो असतो. माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी मी लायनफिश घ्यायला निघाले होते. विक्रेता म्हणाला, ‘रीफ-सेफ आहे, प्रवाळाला तोंड लावत नाही.’ बरोबरच होतं त्याचं! प्रवाळाला लावत नाही. तोंडात मावेल तो प्रत्येक मासा आणि कोळंबी मात्र गिळतो. मला त्या दिवशी लाल चौकटीनं वाचवलं. तुमच्या सल्ल्यानं चालले असते तर ‘अनुभवानं’ शिकले असते आणि त्या अनुभवाची किंमत माझ्या दोन क्लाउननी मोजली असती.

खारटपाणी

जाळी होती. परतीच्या पाइपापाशी दोन बोटांची फट होती, तेवढी त्याला पुरली. चूक माझी, मान्य. पण मासा उगाच उडत नाही हो, कुणीतरी पळवल्यावर उडतो. फट बुजवली असती तर तो आत मेला असता, इतकाच फरक.

संपातला खेकडा

दोघेही मुद्द्याच्या आजूबाजूला फिरताय. प्रश्न कोण कोणाबरोबर हा नाही, कोण आधी हा आहे.

सिक्स लाइन दुसऱ्या नंबरावर आला आणि आठ महिने एकटा राजा होता. एवढ्या काळात त्याला प्रत्येक फट, प्रत्येक बीळ पाठ झालं. मग त्याच्या घरात पाहुणा सोडलात. हेच उलटं केलं असतं, आधी फायरफिश, मग ग्रामा, मग क्लाउन आणि सगळ्यांत शेवटी रॅस, तर निदान पहिले महिने तरी तो दबून राहिला असता. बुजरे आधी, दांडगे शेवटी. डॅमसेलचंही तेच. नव्या टाकीचं पाणी पिकवायला (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वसवायला) म्हणून लोक चिवट डॅमसेल आधी सोडतात आणि नंतर वर्षभर त्याला पकडायला खडक उपसत बसतात.

उशीर झालाच असेल तर नवा मासा भोकं पाडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवून ती पेटी टाकीतच चार-पाच दिवस टांगायची. जुना मासा काचेवर डोकं आपटून कंटाळतो. सोडायच्या दिवशी दोन-चार खडक हलवायचे आणि दिवे मालवायचे, म्हणजे सगळ्यांनाच घर नव्यानं शोधावं लागतं. मी असे तीन मासे घुसवलेत.

खारटपाणी

म्हणजे माझाच मुद्दा. तक्त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ कुठे असतं? तोच रॅस, तोच फायरफिश, एका क्रमानं हिरवा आणि दुसऱ्या क्रमानं लाल.

लिटर मोजा

माझ्या मते सगळं भांडण पाण्याच्या मापाचं आहे. निळा टँग दुकानात आगपेटीएवढा दिसतो आणि वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. शेपटीच्या बुडाशी सुरीसारखा काटा असतो तो वेगळाच. पिवळा टँग २० सेंटिमीटरचा. हे दोघे तीन फुटी टाकीत ठेवून ‘पटत नाही’ म्हणणं म्हणजे खोलीत घोडा बांधून तो लाथा मारतो म्हणणं. मोठी टाकी घ्या, तक्ता आपोआप हिरवा होतो.

जाळीवाली

टँगच्या बाबतीत शंभर टक्के. सिक्स लाइनच्या बाबतीत नाही. माझ्या ओळखीत एकानं सहा फुटी टाकीत पाहिलंय, हा चिमुकला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहुण्याच्या मागे जातो. जागा वाढली की मार खाणाऱ्याला लपायला मिळतं. मारणाऱ्याचा स्वभाव बदलत नाही.

आणि खारटपाणी, ‘रॅस’ची एकच ओळ असलेला तक्ता जुना आणि ढोबळ आहे. जातवार माहितीत सिक्स लाइनला सगळीकडे ‘दांडगा, शेवटी सोडा’ असंच लिहिलेलं असतं. तुम्ही वाईट तक्ता वाचलात आणि सगळ्या तक्त्यांना शिव्या घालताय.

मँडरिनची भूक

इथे सगळे मारामारीच मोजताय. माझा मँडरिन मासा कुणाशी भांडला नाही, कुणी त्याला छेडलं नाही. तीन महिन्यांत पोट पाठीला लागून मेला.

मँडरिन दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, एकेक करून टिपतो. गोठवलेल्या अन्नाकडे बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत. माझ्याकडे सिक्स लाइनही होता आणि तोही तेच कोपेपॉड खातो, फक्त दसपट चपळाईनं. दोघांमध्ये एकदाही चकमक झाली नाही. तक्त्याच्या लेखी ती आदर्श जोडी होती. ताटात काय उरतं याची ओळ कोण लिहिणार?

अवांतर: ‘रीफ-सेफ’ या शब्दावरच बंदी घाला. फ्लेम एंजल माझ्याकडे वर्षभर साधूसारखा वागला, मग एका सोमवारी त्यानं जायंट क्लॅमच्या, म्हणजे मोठ्या शिंपल्याच्या, कडा कुरतडायला घेतल्या.

संपातला खेकडा

मँडरिनशी सहमत. अजून एक: जाती-जातींत सोडा, एकाच जातीतही तक्ता गप्प बसतो. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, जोडीतला मोठा मादी होतो. मादी मेली तर नराची मादी होते. म्हणून दोन छोटी पिल्लं एकत्र आणली तर आपसांत ठरवून घेतात. पण वेगवेगळ्या टाक्यांतल्या दोन मोठ्या माद्या एकत्र टाका, एक मरेपर्यंत थांबत नाहीत. तक्त्यात मात्र क्लाउन-क्लाउन: हिरवा.

पहिलीच टाकी

तुमचं सगळं वाचून घाम फुटला. माझी टाकी २०० लिटर, खडक बसले, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलेत, म्हणजे पाणी पिकलंय. यादी अशी: दोन छोटे ऑसेलॅरिस क्लाउन, एक रॉयल ग्रामा, पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी, सहा हिरवे क्रोमिस आणि शेवटी फ्लेम एंजल. तक्त्यात फक्त एंजल पिवळा आहे. चुकतंय का कुठे?

जाळीवाली

गोबी-कोळंबी डोळे झाकून घ्या. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते आणि खणताना एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो, दोघे आत. तासन् तास बघत बसाल. फक्त खडक वाळूवर नाही, टाकीच्या तळावर टेकलेले हवेत, नाहीतर खालून पोखरले जाऊन कोसळतील.

ग्रामा घेताना नीट बघून घ्या. रॉयल डॉटीबॅक हुबेहूब तसाच दिसतो, पुढे जांभळा, मागे पिवळा. ग्रामात रंग हळूहळू मिसळतो आणि वरच्या परावर काळा ठिपका असतो; डॉटीबॅकमध्ये रंग सुरीनं कापल्यासारखा. ग्रामा आपली कपार राखून असतो, डॉटीबॅक सगळी टाकी आपली समजतो.

खारटपाणी

क्रोमिस काढा. तक्त्यात ‘शांत, थव्यानं राहतो’ लिहिलेलं असतं. समुद्रात थवा मोठा असतो, रोष वाटला जातो. टाकीत सहाचे पाच, पाचचे तीन, शेवटी एक गुबगुबीत क्रोमिस उरतो. माझ्याकडे झालंय, इथल्या अर्ध्या लोकांकडे झालं असेल.

लिटर मोजा

+१. एंजलही नको, २०० लिटरमध्ये आणि नव्या टाकीत तर नकोच. त्याला चरायला शेवाळ धरलेला जुना खडक लागतो.

मँडरिनची भूक

आणि जे घ्याल ते आधी वेगळ्या टाकीत ठेवा. पांढरे ठिपके (माशांना होणारा परजीवीचा रोग) एकदा मुख्य टाकीत शिरले की सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस रिकामी ठेवणारे लोक मी पाहिलेत. मग कोण कोणाशी पटवून घेतो याला काही अर्थ उरत नाही.

जाळीवाली

बघा खारटपाणी, ‘पहिलीच टाकी’नं तक्ता घेऊन सुरुवात केली म्हणूनच यादी इतकी सावरलेली आली. आपण दोनच नावं खोडली. तक्ता नसता तर लायनफिश, ट्रिगर आणि दोन टँग खोडत बसलो असतो.

खारटपाणी

हे मात्र पटलं. लाल चौकटी राहू द्या, त्या सहसा खोटं बोलत नाहीत. हिरव्या पुसून टाका.

जाळीवाली

मग लोक पांढऱ्या चौकटीला हिरवी समजतील.

संपातला खेकडा

समजतीलच. बरं, तुमच्या सिक्स लाइनचं पुढे काय?

खारटपाणी

प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून, उलटं बसवून सापळा केलाय, आत आमिष म्हणून गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). काल रात्रीपासून दोन्ही क्लाउन तीनदा अडकले. रॅस बाहेर उभा राहून बघत होता.

पहिलीच टाकी

क्रोमिस आणि एंजल खोडले. आधी गोबी-कोळंबी, मग ग्रामा, शेवटी क्लाउन. जाळी आजच मापून घेतली, पाइपाच्या फटीसकट.