सीपॅप: मास्क लीकचा ग्राफ कळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांना (वय ७१) स्लीप ॲप्निया आहे (झोपेत श्वास थांबतो), चार महिने झाले सीपॅप लावतायत, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. मशीन रेसमेडचं एअरसेन्स १०, ऑटो मोड, प्रेशर ६ ते १४, मास्क फक्त नाकावरचा. मी दर रविवारी मशीनचं एसडी कार्ड काढून ऑस्करमध्ये डेटा बघते, ते असे आलेख दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण आलेख बघून डोकं गरगरतं.

एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा) ३ च्या आसपास, म्हणून मी खूश होते. पण लीक रेट (मास्कमधून मिनिटाला किती लिटर हवा गळते) मीडियन, म्हणजे मधला आकडा, २ आणि ९५ टक्क्यांचा आकडा ३८!! एकाच रात्रीचे दोन आकडे इतके लांब कसे? रात्री तीनपर्यंत रेघ जमिनीला चिकटलेली, मग पावणेचारला एकदम वर चढते आणि पाचपर्यंत तिथेच सपाट, टेबलासारखी. सकाळी तोंडाला कोरड पडते म्हणतात. मिशी आहे, ती काढायला तयार नाहीत (तो विषय घरात बंद आहे).

आणि एक, परवा बघितलं तर मास्कच्या पुढच्या बारीक भोकांवर त्यांनी चिकटपट्टी लावलेली, "इथूनच तर हवा जातेय" म्हणे. मी काढली, पण ती भोकं लीकमध्ये धरतात का?

प्रतिसाद १:
पट्टी काढलीत ते फार बरं केलंत, परत लावू देऊ नका. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याच भोकांतून बाहेर जातो, ती बंद केली तर तीच हवा परत आत. तुमचं मशीन ती हवा वजा करूनच लीक दाखवतं. फिलिप्सच्या मशीनवर एकूण लीक दिसतो, त्यामुळे ते मशीन वापरणाऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करू नका.

९५ टक्क्यांचा आकडा म्हणजे ९५ टक्के वेळ लीक त्याच्या आत होता. सात तासांत उरलेली निदान एकवीस मिनिटं ३८ किंवा त्याच्या वर. रेसमेडची लीकच्या मर्यादेची रेघ मिनिटाला २४ लिटरवर असते, त्यावर गेलं की मशीनला श्वास नीट वाचता येत नाही, म्हणजे त्या सव्वा तासातल्या एएचआयवर विश्वास ठेवू नका.

मास्कची कड सुटली तर बहुतेक वेळा कुशीवर वळताना दातेरी टोकं येतात. असं टेबल दिसलं आणि वर तोंडाला कोरड, तर माझा पहिला संशय तोंड उघडण्यावर, मिशीवर नाही. लीकच्या खाली प्रेशरचा आलेख लावून आधी प्रेशर चढलं की लीक ते बघा, वाढलेल्या प्रेशरने तोंड उघडत असेल तर प्रेशर आधी चढलेलं दिसेल. आणि विचारायचं राहिलं, कवळी आहे का?

मी:
अगं बाई, आहे की! वरची, रात्री काढून वाटीत ठेवतात.

प्रतिसाद १:
मग मास्क कवळीशिवाय, आडवं झोपून, मशीन चालू असताना फिट करून बघा. कवळी काढली की वरचा ओठ आत जातो, दुकानात कवळी घालून बसून घेतलेलं माप चालत नाही. पट्टे आवळत सुटू नका. तरी टेबल आलंच तर हनुवटीचा पट्टा की नाकतोंड झाकणारा मास्क हे डॉक्टरांना ग्राफ दाखवून ठरवा.

मी:
प्रेशर बघितलं, साडेतीनलाच १३ वर गेलंय, लीक नंतर. आज रात्री आडवं झोपवून फिटिंग करते, रविवारी कार्ड काढून टाकते इथे.