लेट्टो-फोरबेकला ‘अजिंक्य सेनापती’ म्हणणं मी का सोडलं

कोकणकडा (धागा)

परवा मित्राकडे पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला आणि त्याने ते नेहमीचं वाक्य टाकलं, “जर्मनांचा एकच सेनापती शेवटपर्यंत हरला नाही, पाउल फॉन लेट्टो-फोरबेक.” हेच वाक्य मी स्वतः दहा-बारा वर्षं भेटेल त्याला ऐकवत होतो. आता नाही ऐकवत. का, ते मांडतो. पटलं नाही तर जरूर लिहा.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८७०, पोमेरेनियातलं सरदार घराणं, वडील लष्करात, मुलगा लहानपणीच कॅडेट शाळेत. १९०० मध्ये चीनमधलं बॉक्सर बंड मोडायला गेला. १९०४ मध्ये जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जनरल फॉन ट्रोथाच्या हाताखाली. तिथेच पुढे डोळ्याला जखम झाली. जानेवारी १९१४ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेचा सेनाप्रमुख म्हणून दारेसलामला उतरला आणि सातच महिन्यांत महायुद्ध पेटलं. पुढची चार वर्षं मूठभर जर्मन अधिकारी आणि काही हजार आफ्रिकन शिपाई, ज्यांना तिकडे अस्करी म्हणतात, यांच्या जोरावर तो ब्रिटिश, भारतीय, दक्षिण आफ्रिकी, बेल्जियन, पोर्तुगीज अशा सगळ्यांना झुलवत राहिला. शस्त्रं ठेवली ती २५ नोव्हेंबर १९१८ ला, आजच्या झांबियातल्या अॅबरकॉर्नला. युरोपातलं युद्ध थांबून तोवर दोन आठवडे झाले होते. मार्च १९१९ मध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यातून त्याची मिरवणूक निघाली.

गोष्ट रंगतदार आहेच. पण ती सांगताना आपण एक प्रश्न विचारत नाही. एवढं मोठं सैन्य चार वर्षं जेवलं काय, आणि त्याचं ओझं वाहिलं कोणी?

त्या मुलखात त्सेत्से माशीमुळे घोडे, खेचरं, बैल आठवड्या-आठवड्यात मरत. रेल्वेचे दोनच मार्ग. गाडीरस्ते जवळजवळ नाहीतच. म्हणून सगळं माणसाच्या डोक्यावरून. शरण आला तेव्हा त्याच्याबरोबर दीडशेच्या आसपास जर्मन होते, ११०० वर अस्करी होते आणि तीन-साडेतीन हजार हमाल. म्हणजे एका बंदुकीमागे जवळजवळ तीन डोकी. त्यांना पोसण्यासाठी वाटेतलं प्रत्येक गाव धुऊन काढलं गेलं. त्याच्याच सैन्यातला डॉक्टर लुडविग डेप्पे याने लिहून ठेवलंय की आम्ही मागे उद्ध्वस्त शेतं, लुटलेली कोठारं आणि उपासमार सोडून जातो आहोत, सतराव्या शतकातल्या युरोपच्या तीस वर्षांच्या युद्धातल्या सैन्यांसारखी. हा शत्रूचा प्रचार नाही, सोबत चालणाऱ्या माणसाची साक्ष आहे.

हे वाचल्यावर ‘अजिंक्य’ हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

तोफखाना

कोकणकडा, धागा चांगला, पण मी पूर्ण असहमत आहे. सेनापतीला नेमून दिलेल्या कामगिरीवर जोखायचं असतं. मुख्य रणांगण युरोप आहे, तेव्हा शत्रूची जितकी माणसं, जहाजं आणि तोफा आफ्रिकेत अडकवता येतील तितक्या अडकवायच्या, हे त्याने पहिल्या दिवशी ठरवलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत केलं. सबंध युद्धात त्याच्याकडे एका वेळी १४-१५ हजारांपेक्षा जास्त लढवय्ये कधी नव्हते. समोर त्याच्या कित्येक पट माणसं आली.

टांगा बंदराची लढाई घ्या. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून जहाजं निघाली, सुमारे ८ हजार माणसं, सेनापती मेजर जनरल एटकिन. लेट्टोकडे जेमतेम हजार. ३ नोव्हेंबरच्या रात्री हा गृहस्थ स्वतः सायकलवर बसून रिकाम्या टांगा शहरातून बंदरापर्यंत जाऊन आला. समोर जहाजांचे दिवे दिसत होते. कुठे उतरलेत, कुठून येतील, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. एटकिनने टेहळणीच केली नव्हती. दुसऱ्या दिवशी रबराच्या बागांतून आणि झाडीतून लढाई झाली आणि ५ तारखेला ब्रिटिश फौज जहाजांवर परतली. किनाऱ्यावर १६ मशिनगन, साडेचारशेवर बंदुका आणि ६ लाख काडतुसं टाकून! पुढचं वर्षभर त्याच मालावर लेट्टो लढला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो शिकत होता. जानेवारी १९१५ मध्ये सरहद्दीजवळचं जासिन ठाणं जिंकलं, पण मोलाचे अधिकारी गेले, दोन लाख काडतुसं उडाली. तेव्हा त्याने हिशेब केला की अशा आणखी तीनच लढाया आपल्याला परवडतील. त्यानंतर त्याने पद्धतच बदलली आणि ब्रिटिशांच्या युगांडा रेल्वेवर छापे सुरू केले. जिंकल्यावर आपली चूक बघणारे सेनापती किती असतात?

उपासमारीचं म्हणाल तर ब्रिटिशांच्या हमालांचे मृत्यू त्यांच्याच नोंदींत ९५ हजारांच्या घरात आहेत. मग एकट्या लेट्टोवर खापर का?

अबोली

तोफखाना, टांग्याबद्दल वाद नाही. पण जी फौज तिथे मार खाऊन परतली ती बहुतेक आपलीच होती, हे लक्षात घ्या. १०१ ग्रेनेडियर्स, ६३ पालमकोट्टा, १३ राजपूत, काश्मीर रायफल्स, शिवाय ग्वाल्हेर संस्थानची अर्धी पलटण. कित्येकांना नव्या बंदुका निघायच्या जरा आधी हातात मिळालेल्या. आठवडेच्या आठवडे जहाजात कोंबलेले, समुद्र लागून अर्धमेले झालेले, तसेच उतरवले झाडीत. वरून गोळ्यांनी झाडांवर टांगलेली मधमाश्यांची पोळी फुटली आणि माश्या माणसांवर तुटून पडल्या. ब्रिटिश वृत्तपत्रांनी ती जर्मनांची युक्ती ठरवली. खरं तर माश्यांनी दोन्ही बाजूंना फोडून काढलं. अशाही अवस्थेत काश्मीर रायफल्सवाले शहरात शिरले होते आणि ग्रेनेडियर्स उघड्यावर कापले गेले. त्या तीन दिवसांत आठशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. यातला बराच वाटा लेट्टोच्या बुद्धीपेक्षा एटकिनच्या बेफिकिरीचा आहे. स्थानिक मुलूख ओळखणाऱ्या किंग्ज आफ्रिकन रायफल्सने मदत देऊ केली, ती त्याने नाकारली. युद्धनौकेच्या कॅप्टनने तर बंदरात आधी जाऊन बंदरापुरता झालेला स्थानिक तह संपल्याची रीतसर सूचना दिली. मग अचानक हल्ला राहिला कुठे?

आता ‘अडकवून ठेवलं’ या दाव्याबद्दल. कोणाला अडकवलं? १९१७ नंतर लढणारे बहुतेक आफ्रिकन होते, नायजेरियाचे, गोल्ड कोस्टचे, किंग्ज आफ्रिकन रायफल्सचे. ब्रिटिश सरकार काळ्या शिपायांना युरोपच्या खंदकात लढायला पाठवायला तयारच नव्हतं. म्हणजे ती माणसं फ्रान्समध्ये गेलीच नसती. जहाजं आणि पैसा अडकला, हे मान्य. पण पश्चिम आघाडीवर त्यामुळे काही फरक पडला असं मला कुठेच दिसत नाही.

हमालाचं गणित एकदा मांडून बघा. माणूस २५ किलो ओझं उचलतो आणि दिवसाला किलोभर धान्य खातो. बारा दिवस पुढे आणि बारा दिवस परत म्हटलं की पोतं त्यानेच संपवलं, शिपायाच्या हाती काय पडलं? म्हणून हमालांना वाहून नेऊन खायला देण्याऐवजी गावातून ओरबाडणं हाच मार्ग उरतो. ही चूक किंवा अपघात नव्हे. त्या पद्धतीच्या मुळातच ते आहे.

सातारकर

मी लेट्टोच्या बाजूचा. नि:संकोच सांगतो, हा गनिमी कावा आहे आणि गनिमी काव्याला नाकं मुरडायची आपल्याला सवय नाही. नोव्हेंबर १९१७ मध्ये रुवुमा नदी ओलांडून पोर्तुगीजांच्या मुलखात घुसला आणि न्गोमानोचं ठाणं घेऊन त्यांच्याच बंदुका, कपडे, अन्न घेतलं. क्विनाईन संपलं तेव्हा सिंकोनाच्या सालीचा काढा उकळून पाजला. इतका कडू की सैन्याने त्याला ‘लेट्टो-श्नॅप्स’, म्हणजे लेट्टोची दारू, असं नाव ठेवलं. हरणाच्या कातड्याचे बूट आणि पाणघोड्याची चरबी यांवर भागवलं. अस्करींच्या बायका-पोरं तळाबरोबर चालत, वाटेत बाळंतपणं होत. पगार वर्षाहून जास्त थकलेला, तरी हजारावर अस्करी शेवटपर्यंत राहिले. पगाराशिवाय माणूस नुसत्या भीतीने राहत नाही हो.

अबोली

सातारकर, गनिमी कावा तुम्हीच काढलात म्हणून बोलते. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. कुणब्याकडचे दाणे, गवत, लाकूड, भाजी ओढून आणू नका, नाही तर मोगल बरे होते असं रयत म्हणेल. रयत आपली, हे तिथे गृहीत आहे. लेट्टोला ती रयत आपली वाटली असती तर १९१६ नंतर तिथल्या गोगो जमातीच्या लोकांची गुरं आणि धान्य त्याच्या सैन्याने नेलं नसतं. मागून ब्रिटिश आले, त्यांनी उरलेलं नेलं. मग पाऊस गेला. त्या दुष्काळाला गोगो लोक ‘म्तुन्या’ म्हणतात. सबंध वसाहतीत रोगराई आणि उपासमारीने मेलेल्यांचा काही इतिहासकारांचा अंदाज ३ लाखांच्या आसपास जातो.

आणि जे राहिले ते तुम्ही मोजलेत. शेवटच्या दोन वर्षांत पळून गेलेल्या अस्करींची संख्याही मोठी आहे.

तोफखाना

युद्ध त्याने सुरू केलं नव्हतं. ८ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटिश युद्धनौका ‘अॅस्ट्रिया’ने दारेसलामचा बिनतारी मनोरा तोफांनी उडवला. मग सेनापतीने काय करायचं होतं, हात बांधून बसायचं?

कोकणकडा

तोफखाना, नेमकी इथेच माझी अडचण आहे. हात बांधून बसावं असं तिथलाच गव्हर्नर हाइनरिश श्नी म्हणत होता. बंदरांसाठी स्थानिक तह झालेही होते. पूर्व आफ्रिका युद्धाबाहेर राहिली तर वसाहत वाचेल, असं त्याचं गणित. श्नी काही संत नव्हता, त्याला जर्मनांची मालमत्ता वाचवायची होती. पण लेट्टो कायद्याने त्याच्या हाताखाली होता आणि त्याने त्याला जुमानलं नाही. म्हणजे ‘युद्ध लादलं गेलं’ हे अर्धंच खरं. चार वर्षं ते चालवायचं, ही निवड त्याची होती.

ही वृत्ती पुढेही दिसते. जून १९१९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये खराब मांस विकल्यावरून लोक भडकले, तेव्हा शहर ताब्यात घ्यायला जे सैन्य आलं त्याचा प्रमुख हाच. मार्च १९२० मध्ये निवडून आलेल्या सरकारविरुद्ध काप्प या उजव्या पुढाऱ्याने बंड केलं, त्यालाही याची साथ. त्यात नोकरी गेली. नंतर १९२८ ते १९३० उजव्या पक्षाचा खासदार. ट्रोथाने नैऋत्य आफ्रिकेतल्या हेरेरो लोकांच्या संहाराचा हुकूम १९०४ मध्ये काढला तेव्हा हा त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांत होता आणि त्या मोहिमेचं त्याने पुढे समर्थनच केलं.

एक मात्र तुमचं मान्य करतो. ब्रिटिशांचे ९५ हजार हमाल मी मूळ लेखात सोडले, ही माझी चूक. लेट्टोला दोष देताना ब्रिटिशांचा तिथला सेनापती स्मट्स याला सूट मिळता कामा नये. जासिनचं तुम्ही लिहिलंत तेही मला माहीत असून मी वगळलं होतं. सेनानी म्हणून तो फार वरच्या दर्जाचा होता, हे मी आजही म्हणतो.

सातारकर

मग १९६४ चं काय कराल? मार्चमध्ये तो वारला, वय ९३. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या संसदेने हयात अस्करींचा थकलेला पगार द्यायचं ठरवलं. व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्वान्झाला म्हातारे जमले. दाखले फार थोड्यांकडे उरलेले. तेव्हा पैसे वाटणाऱ्याने एकेकाच्या हातात झाडू देऊन जर्मन भाषेत बंदुकीच्या कवायतीचे हुकूम सोडले आणि एकही जण चुकला नाही, अशी गोष्ट सांगतात. जवळजवळ ५० वर्षांनी! मला ती वाचताना दर वेळी भरून येतं.

दर्यावर्दी

सातारकर, मलाही येतं. पण मला त्या रांगेत न आलेले लोक आठवतात. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं दारेसलामला होतो, दर शनिवारी भाजीला करियाकूच्या बाजारात जायचो. रताळी, मुहोगो म्हणजे कसावा, हिरवी केळी, आणि खचाखच गर्दी. खूप दिवसांनी एका सहकाऱ्याने सांगितलं की करियाकू म्हणजे ‘कॅरियर कोअर’, हमालांची पलटण. युद्धाच्या शेवटी ब्रिटिशांच्या हमालांचा तळ तिथे होता. नैरोबीतल्या करियोकोरचंही तेच.

शहराच्या मध्यभागी १९२७ चा ब्राँझचा पुतळा आहे, बंदूक रोखलेला अस्करी, तोंड बंदराकडे. ब्रिटिशांनी त्यांच्या बाजूच्यांसाठी उभारलेला. खाली स्वाहिली, अरबी आणि इंग्रजीत मजकूर आहे आणि त्यात हमालांना लष्कराचे हातपाय म्हटलंय. मी भर उन्हात उभा राहून तो वाचला. वर पुतळा मात्र शिपायाचाच.

लेट्टोचे हमाल तर त्या मजकुरातही नाहीत. ते ना जिंकणाऱ्यांचे, ना बर्लिनच्या मिरवणुकीतले. अस्करींना पगार मिळाला, उशिरा का होईना. कोकणकडा, हमालांना काही मिळालं का?

कोकणकडा

दर्यावर्दी, १९६४ चा तो पैसा अस्करींसाठी होता. हमालांसाठी नव्हता.