तालुक्याच्या गावात वाचनाचा कार्यक्रम सुरू करायचाय, सल्ला हवा

वाचनालयवाला
मंडळी, आमचं कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, मी कार्यकारिणीत आहे. सकाळी वर्तमानपत्रांना गर्दी, संध्याकाळी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं. पुस्तकावर कुणी कुणाशी बोलत नाही, याचं फार वाईट वाटतं. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, घरच्या बायका एकत्र बसतील आणि स्वतः बोलतील, असं वर्षभर चालणारं काही हवंय. नुसते श्रोते नकोत. बजेट सगळं धरून वर्षाला १५,००० रुपये. हॉल आमचाच आहे. काय करावं?

शनिवारपेठी
व्याख्यानमालेला पर्याय नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. मी लहानपणापासून वडिलांचा हात धरून जात आलोय, जे काही कळतं ते तिथलंच. एक नामवंत वक्ता आणा. मानधन, गाडी, मुक्काम मिळून पंचवीस-तीस हजारांत बसेल. गाव लोटेल बघा.

रानवाट
त्यांचं बजेट वर्षाचं १५ हजार आहे हो. शिवाय आमच्या गावात व्याख्यानमाला होती, तिचं काय झालं ते सांगतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग देणगीदारांचे सत्कार. वक्ते उभे राहीपर्यंत पावणेनऊ. दहाला स्पीकर बंद करावाच लागतो, म्हणून प्रश्नोत्तरं दरवर्षी रद्द. पुढेपुढे पहिल्या दोन रांगाच भरायच्या. बोलणारी माणसं हवी असतील तर स्टेज नको.

शनिवारपेठी
हा दोष संयोजकांचा, व्याख्यानांचा नाही. चांगला वक्ता ऐकल्याशिवाय लोक बोलणार तरी कशावर?

गोदाकाठची
नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना बघा. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटात फिरते, काही महिन्यांनी बदलून दुसरी येते. पेट्या देणगीतून होतात. आमच्या सोसायटीत पेटी आली आणि दुपारी बायका एकमेकींकडे "तुझं झालं का वाचून?" विचारायला जायला लागल्या. कार्यक्रम ठेवावाच लागला नाही. पेटीच करा.

मीनल_स
पेटीला +१. आणि भिलारला जाऊन या! २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलीत. आम्ही गेलो तेव्हा मुलं घराबाहेर पडायला तयार नव्हती. तुमच्या गावातही तसंच करा.

रानवाट
भिलारमागे राज्य मराठी विकास संस्था आहे, आणि गाव पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर. पर्यटक आपसूक येतात. तालुक्याच्या गावात कोण येणार?

मीनल_स
स्ट्रॉबेरीसाठी येणारेही पुस्तक उचलतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारी-फेब्रुवारीत जा, स्ट्रॉबेरीही मिळते.

वाचनालयवाला
सगळ्यांचे आभार, पण १५,००० वर्षाचे आहेत. पेटी आवडली. मात्र आमची पुस्तकं कपाटात आहेतच, प्रश्न माणसं बसण्याचा आहे.

जुना_ग्रंथपाल
नोकरीभर ग्रंथालयात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. "पुस्तक वाचून या" असं सांगितलंत की शेतावरून येणारा माणूस येतच नाही. न वाचल्याची लाज वाटते. म्हणून मजकूर तिथेच वाचायचा. चार पानांचा, मोठ्या टायपात, प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स. एकेकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, ज्याला नको त्याने नुसतं ऐकायचं. खुर्च्या गोल. वीस-पंचवीस माणसांच्या वर जाऊ नका.

चालवणाऱ्याने भाषण करायचं नाही, हे सगळ्यात अवघड, विशेषतः आपण शिक्षक असलो तर. लेखकाला काय म्हणायचंय असं विचारलंत की वर्ग भरतो आणि लोक गप्प होतात. "या माणसाच्या जागी तुम्ही काय केलं असतं?" असं विचारा. मग दुकानदारही बोलतो.

झेरॉक्सला कॉपीराइटची अडचण नको तर लेखक जाऊन ६० वर्षं उलटलेला मजकूर घ्या. महात्मा फुले १८९० मध्ये गेले. शेती, सावकारी, कचेऱ्या यांवरचं त्यांचं लिखाण आजही बैठक पेटवतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचंही मुक्त आहे. अनुदान येईल तेव्हा येईल, त्याच्या भरवशावर काही आखू नका. दिवस आणि जागा मात्र एकच ठेवा, ती बदलली की माणसं तुटतात.

गोदाकाठची
जुना_ग्रंथपाल यांच्याशी सहमत. आणि बायका हव्यात तर संध्याकाळी सातला ठेवू नका, ती स्वयंपाकाची वेळ. दुपारी तीन.

पाटील_वाळवा
दुपारी तीनला शेतकरी रानात असतो ताई. रात्री साडेआठ, जेवणं झाल्यावर.

गोदाकाठची
रात्री साडेआठला भांडी कोण घासतं?

पाटील_वाळवा
तेही खरंच. अवांतर: कृष्णाकाठचे आहात तर औदुंबर पाहिलं असेलच. तिथलं सदानंद साहित्य मंडळ संक्रांतीला संमेलन भरवतं. वेगळं आमंत्रण लागत नाही, संक्रांत म्हटलं की लोकांना माहीत. तुम्हीही सणाला धरून काहीतरी ठेवा.

न्यूजर्सीकर
आम्ही झूमवर पुस्तकभिशी चालवतो, एक पैसा खर्च नाही. महिन्याला एक कादंबरी पूर्ण वाचून यायची. गावात हे सहज होईल, आता सगळ्यांकडे फोन आहेत.

जुना_ग्रंथपाल
पूर्ण कादंबरी नको, वर लिहिलंय.

वाचनालयवाला
काल कार्यकारिणीत ठरलं. मोठ्याने वाचन, चार पानं, गोल बसणं, हे जुना_ग्रंथपाल यांचं तसंच्या तसं. जागा मात्र एक ठेवत नाही. सगळ्यांनी आमचा हॉल धरूनच सल्ला दिला, मीही तसंच लिहिलं होतं. पण सभासदांची यादी घेऊन बसलो तर निम्म्या गावातलं कुणीच त्यात नाही. ती माणसं वाचनालयाची पायरी चढत नाहीत, मग हॉलमध्ये कशी येतील? म्हणून फिरतं ठेवतोय: वाचनालय, विठ्ठल मंदिराचा मंडप, बौद्ध विहार, कारखान्याची कॉलनी. प्रत्येक ठिकाणी वर्षातून तीनदा. वेळ त्या त्या वस्तीतल्या बायकांना विचारून. माणसं तुटतील, हा धोका पत्करतो.

झेरॉक्स आणि चहा मिळून एका बैठकीला ६०० रुपये, वर्षाचे ७,२००. उरलेल्यातून लोक मागतील ती पुस्तकं घेऊ. पहिली बैठक विहारात, फुल्यांचा मजकूर घेऊन. मंडपातल्या बैठकीसाठी चार पानांत बसेल असं काही सुचवा, लेखक जाऊन ६० वर्षं झालेला.

पाटील_वाळवा
मंडपात तुकोबांचे दोनच अभंग घ्या, रात्र पुरणार नाही. आमच्याकडची दोन माणसं घेऊन मी येतो.

शनिवारपेठी
चांगलं आहे. पण वर्षाअखेर एक मोठं व्याख्यान ठेवाच. निम्मा खर्च मी देतो, व्यनि (खाजगी निरोप) करा.