ब्लॉगचा रतीब रोज घालावा का?

तिखटमीठ
परवा पहाटपक्षी यांनी लिहिलं, ‘रोज 300 शब्द, सलग 21 दिवस. सवय लागतेच. ज्याला एवढं जमत नाही त्याने ब्लॉग काढूच नये.’ दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझा ब्लॉग 2009 पासून आहे. वर्षाला सहा-सात नोंदी. मध्ये एकदा मीही असला नेम धरला होता. पहिला आठवडा बरा गेला. दहाव्या दिवशी ‘आज काही सुचत नाही’ यावरच लिहिलं, बाराव्या दिवशी कुकरच्या शिट्टीवर. चौदाव्या दिवशी मावसबहिणीचा फोन, ‘तुझं बरं आहे ना गं?’ रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोज लिहे त्याला कोण वाचे! रतीब घालायचा तर आधी गाय दुभती हवी. नाहीतर नुसतं पाणी.

पहाटपक्षी
सुचायची वाट बघणाऱ्यांचे ब्लॉग पाहिलेत मी. शेवटची नोंद ‘पुढचा भाग लवकरच’, तारीख 2013. मी पहाटे पाचला उठून लिहितो, दोन पोरं आणि बदलापूर-दादर लोकल सांभाळून. वेळ नाही, सुचत नाही, हे मला सांगू नका. मैफल कधीतरी असते, रियाज रोजच करावा लागतो.

तिखटमीठ
रियाज दार लावून करतात. शेजाऱ्यांना बोलावून नाही.

आकडेमोड
ते 21 दिवस कुठून आले ते तरी बघा. मॅक्सवेल माल्ट्झ हे प्लास्टिक सर्जन. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 साली लिहिलं. त्यातलं ‘किमान’ पुढे गळालं. लंडनमध्ये 96 जणांवर झालेला अभ्यास 2010 साली छापून आला, त्यात सवय मुरायला 18 ते 254 दिवस लागलेले दिसतात, मधला आकडा 66. तेही जेवताना पाणी पिणं वगैरे सवयींसाठी. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आहे.

पहाटपक्षी
बरं, 21 मागे घेतो. 66 करा. म्हणजे माझंच म्हणणं तिपटीने खरं ठरलं, धन्यवाद.

जुना टंकलेखक
सवयबिवय सोडा. लोक लिहीत नाहीत कारण टंकता येत नाही. रोमनमधून मराठी खरडायचं, मग चुका काढत बसायचं, 300 शब्दांना तास जातो. देवनागरी कीबोर्डची इनस्क्रिप्ट मांडणी शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, हिशेब संपला. शिफ्ट धरून जे दाबला की ऱ हजर.

अंगणातली तुळस
आले इनस्क्रिप्टवाले! कुठलाही विषय काढा, गाडी तिथेच. मी फोनवर बोलून लिहिते. छान उमटतं.

जुना टंकलेखक
उमटतं ना. तुमच्या गेल्या नोंदीत भाचीच्या लग्नात ‘आचार्यांना दोन दिवस आधी बोलावलं, त्यांनी तीनशे पुरणपोळ्या केल्या’ असं होतं. कुठले शंकराचार्य आले होते म्हणे?

अंगणातली तुळस
हसून घ्या. संधिवाताने माझी बोटं वळत नाहीत. पाच वर्षं काही लिहिलंच नव्हतं. फोनशी बोलायला लागले तेव्हा आईच्या दिवाळीच्या फराळावर पहिल्यांदा चार पानं झाली. तुमचा कीबोर्ड तुम्हाला लखलाभ.

जुना टंकलेखक
हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. आचाऱ्यांचा ऱ मात्र मागे घेत नाही.

तिखटमीठ
तुळसताई, मी दुरुस्त करून देईन, पाठवत जा. टंकलेखककाका, दर वेळी माणसाला टोचायलाच हवं का?

ओसाड वाडा
तुम्ही सगळे वाचकाला विसरलात. 1 जुलै 2013 ला ब्लॉगच्या नव्या नोंदी वाचकापर्यंत पोचवणारा गूगल रीडर बंद झाला, त्या दिवशी माझे वाचक गेले. तोवर मी तीन महिन्यांनी लिहिलं तरी त्यांच्यासमोर आपोआप येई. आता स्वतः दार ठोठावून सांगावं लागतं. रोज लिहिणारा निदान कुणाला दिसतो तरी. हे मला आवडत नाही, पण तसं आहे.

पहाटपक्षी
शेवटी कुणीतरी बोललं.

ओसाड वाडा
तुमच्या बाजूने नाही बोललो. तुमच्या रोजच्या नोंदींतली मला एकच आठवते, वडिलांच्या सायकलची. ती सुट्टीत लिहिली होती ना? चार दिवस लावून?

पहाटपक्षी
सहा दिवस.

तिखटमीठ
ती मीही दोनदा वाचली. चांगली होती, मान्य. ठीक आहे, मी महिन्याला दोन लिहून बघते. शब्द मोजणार नाही. आणि पहाटे तर मुळीच उठणार नाही.