घरात रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल, तर धडधाकट मुलींची तपासणी करावी का?

थोरली
आईला ४१व्या वर्षी पायात गुठळी झाली. मावशी बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गेली, गुठळी फुप्फुसात अडकली होती. गेल्या वर्षी मलाही गुठळी झाली. डावी पोटरी कडक, गरम. शिवणकामाची टेप लावली तर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. तपासणीत 'फॅक्टर फाइव्ह लायडेन' निघालं, म्हणजे रक्त सहज गोठवणारा आनुवंशिक दोष. हा दोष प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. मला दोन मुली, धाकट्या बहिणीला एक. तिघींची तपासणी आत्ताच व्हावी असं माझं ठाम मत. बहीण म्हणते, "लग्नाच्या पोरीच्या कपाळावर शिक्का कशाला?"

लॅबमधली ताई
मी बहिणीच्या बाजूची, पण कारण वेगळं. तरुण मुलींत गुठळी वर्षाला दहा हजारांत एखादीला होते. या दोषाची एकच प्रत, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेली, असेल तर धोका काही पटींनी वाढतो, तरी बहुतेकींना जन्मभर काही होत नाही. मला भीती निगेटिव्ह रिपोर्टची वाटते. तो आला की घर निर्धास्त होतं, आणि आई-आजीला गुठळी झालेली असताना तसं होणं बरोबर नाही. प्रोटीन एस, म्हणजे गुठळ्या होऊ न देणारं रक्तातलं प्रथिन, त्याची पातळी तर गरोदरपणात एरवीही उतरते. तेव्हा तपासून घाबरलेल्या कितीतरी जणी पाहिल्यात.

माहेरवाशीण
ताई, माझी भाची १९ वर्षांची. गौरीत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, दिवसाला तीन. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. डोकं दुखायला लागलं, आम्ही म्हणालो जागरण झालं असेल. तिसऱ्या दिवशी फिट आली. मेंदूच्या शिरेत गुठळी! या गोळ्यांतल्या नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेन होतो आणि त्याने गुठळीचा धोका वाढतो, हे नंतर कळलं. रिपोर्ट असता तर वहिनीने त्या आणूच दिल्या नसत्या.

लॅबमधली ताई
वाचून पोटात कालवलं. पण तिच्या घरात आधी कुणाला गुठळी झाली होती का?

माहेरवाशीण
आजोबांना. दोनदा. आम्ही 'पाय सुजायचे' एवढंच म्हणायचो.

लॅबमधली ताई
मग त्या गोळ्या थांबवायला तेवढं पुरेसं होतं. रिपोर्टची वाट कशाला बघायची?

थोरली
नुसतं सांगून डॉक्टर ऐकत नाहीत, ताई. मी पहिल्याच दिवशी आईचं सांगितलं होतं, तरी मला 'स्नायू आखडलाय' म्हणून मलम देऊन घरी पाठवलं. कागद हातात असला की ऐकतात. माझ्या मुलींची तपासणी मी करणारच.
बहिणीच्या मुलीचं मात्र मी ताणत नाही. मावशी 'बाळंतपणात गेली' एवढंच त्या पोरीला माहीत आहे. रविवारी जाऊन सगळं नीट सांगते, बहिणीला आवडो न आवडो. गणपती तोंडावर आलेत.